बांगडीच्या मापाची मूठ

बायकोसाठी रिव्हॉल्व्हर घ्यायचं, हे मी सौदीत, जुबैलच्या कामगार कॅम्पात, शुक्रवारचं जेवण चालू असताना ठरवलं. आज कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मला तेव्हा अजिबात हसू येत नव्हतं, ताटातला भात तसाच निवत होता.

त्याच सकाळी गावाहून चुलतभावाचा फोन आला होता. आमचं घर राजापूरकडच्या एका वाडीच्या अगदी टोकाला, आंबा-काजूच्या बागेला लागून आहे. सौदीच्या कमाईतलं स्लॅबचं घर, बायकोच्या हट्टापायी बाहेरून गुलाबी. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, मग माझी आई वारली, आणि त्या घरात बायको एकटी उरली. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, घरी चोर आलेला. मागल्या पडवीतला तांब्याचा बंब नेला, पंपाची मोटर नेली. वहिनीने तुला सांगितलं नसेल."

नव्हतंच सांगितलं. मी ताबडतोब तिला फोन लावला, तर बाईसाहेब म्हणतात कशा, "अहो, जुनाच बंब होता. गळायचा पण."

"तू कुठे होतीस तेव्हा?"

"असणार कुठे? घरातच."

मग एकेक बाहेर पडलं. चोर पडवीत खुडबुड करत होता तेव्हा ही मधल्या दाराआड कोयती धरून उभी होती. ओरडली नाही, कारण ओरडून ऐकणार कोण? शेजारचं घर मुंबईकरांचं, गणपती आणि मे महिना सोडला तर कुलूप. त्या दिवसापासून ती कोयती उशाशी घेऊन निजते, हे मात्र तिने सांगितलं नाही. ते चुलतभावाच्या बायकोकडून कळलं.

आणि इकडे माझा करार ईदनंतर संपत होता. नवीन युनिटचं काम निघालं होतं, कारपेंटर शॉपचा फोरमन म्हणून आणखी दोन वर्षं थांब, असं कंपनीने विचारलं होतं. उभा जन्म मी दुसऱ्या फोरमनच्या शिव्या खाल्ल्या, आता कुठे द्यायची पाळी आली होती. सोडवत नव्हतं हो! म्हणजे प्रश्न सरळ होता. बायको त्या घरात निर्धास्त झोपू शकली तर मी थांबणार, नाहीतर फायनल एक्झिटचा शिक्का मारून कायमचा घरी. मला थांबायचं होतं. म्हणून रिव्हॉल्व्हर.

ती खोली अजून डोळ्यांसमोर आहे. चार खाटा, माणसं तीन. चौथ्या खाटेवर घरी न्यायच्या सामानाचे खोके छतापर्यंत चढलेले. कुणी सुट्टीवर गेला की ते उतरायचे आणि तो परत आला की पुन्हा चढायला लागायचे. एसीतून पाणी ठिबकायचं, त्याखाली मी रंगाच्या डब्यात पुदिना लावला होता. वाळवंटात फुकटचं पाणी वाया जाऊ द्यायला मी काय वेडा आहे? खिडकीतून लांब कारखान्यांच्या चिमण्या आणि त्यावर रात्रंदिवस जळणारा जाळ दिसायचा. दमट हवेच्या दिवसांत त्या जाळाभोवती पिवळट कडं पडायचं. आज आमच्या अंगणात सांज झाली की मला त्या दिशेला काहीतरी दिसायला हवं असं वाटतं, आणि काहीच दिसत नाही.

खोलीतला पहिला माणूस म्हणजे साताऱ्याकडचा फौजी. लष्कराच्या शस्त्रागारात हत्यारं दुरुस्त करून निवृत्त झालेला. इथे तो फायर-वॉच होता, म्हणजे कुठे वेल्डिंग चाललं की शेजारी आग विझवायचं नळकांडं घेऊन उभं राहायचं. "आयुष्यभर बार उडवायची तयारी केली, आता ठिणगी पडली तरी मलाच बोलणी," असं तो म्हणायचा. दुसरे म्हसळ्याचे चाचा, टूल स्टोअरमध्ये. वयाने आमच्यात सगळ्यांत मोठे, अंगाने सगळ्यांत लहान, मेंदीने रंगवलेली दाढी. शुक्रवारी नमाजहून आले की मटण तेच करायचे, नारळाचं दूध घालून. भात आणि सोलकढी माझ्याकडे. फौजी कांदा चिरायचा आणि आमच्या दोघांच्या कोकणी जेवणाला नावं ठेवत तीनदा वाढून घ्यायचा.

त्या शुक्रवारी मी म्हटलं, "फौजी, बाईमाणसाला चालेल असं एखादं लहान हत्यार कुठलं?"

त्याचा घास हातातच राहिला. "कुणाला मारायचंय?"

मी सगळं सांगितलं. चाचांनी आधी दाराला कडी लावली. "हळू बोला रे बाबांनो. आणि फोनवर ती चित्रंबित्रं बघत बसू नका. तुमचा इकामा जाईल तो जाईल, खोलीतला म्हणून माझाही जाईल."

त्यांचं बरोबरच होतं, इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना, तो गेला की सगळंच गेलं. म्हणून फौजीने खजुराच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर माझ्या सुताराच्या पेन्सिलीने चित्र काढायला घेतलं. किती दिवसांनी त्याला त्याच्या विषयावर कुणी काही विचारलं होतं! म्हातारपणी नातवाला शिकवावं तसा खुलून बोलत होता.

"हे बघ मर्दा, पिस्तूल नको. पिस्तुलात लक्षात ठेवायच्या भानगडी फार. घाबरलेल्या माणसाच्या लक्षात काय राहतंय? रिव्हॉल्व्हर घे. हे चक्र, ही नळी, हा चाप. महिनोन् महिने कपाटात पडलं तरी रुसत नाही."

"परवाना?"

"अर्ज वहिनींच्या नावाने. कलेक्टर कचेरी, पोलिसांची चौकशी, शिकवणी, सगळं रीतसर. वेळ लागेल. पण बाई एकटी राहते, घर फुटलंय, कारण खरं आहे. खऱ्या कारणाला घाबरायचं नाही."

चाचा म्हणाले, "बाईच्या हातात बंदूक देणं मला काही पटत नाही."

"आणि कोयती पटते?" मी भडकलोच. "त्या हरामखोराच्या हातभर अंतरावर जाऊन कोयती मारायची, ते पटतं तुम्हाला?"

चाचांनी माझ्या ताटात मटणाची आणखी एक नळी वाढली. भांडण मिटवायची त्यांची तीच रीत होती.

पुढचे कित्येक शुक्रवार आमच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. नळी आखूड की लांब? फौजी म्हणाला, घरात ठेवायचं तर लांब चालेल, पण बागेत जाताना जवळ बाळगायचं तर आखूडच. मग बाळगायचं कुठे? फौजी पट्टा, चामड्याचं म्यान असलं काहीबाही सांगायला लागला. मी म्हटलं, "अरे बाबा, ती साडी नेसते. आणि बागेत जाताना साडीवर माझा कंपनीचा जुना शर्ट घालते, चमकती पट्टी असलेला." हे खरं आहे. आमच्याकडे जिचा नवरा आखातात, ती बाई बागेत त्याचा शर्ट घालून काम करते. काट्याकुट्यांपासून हात वाचतात. वाडीत शर्टावरून कळतं कुणाचा नवरा कुठल्या कंपनीत आहे.

"मग शर्टाचा खिसा," फौजी म्हणाला. "म्हणजे घोडा बाहेर आलेला नको, कापडात अडकेल. आणि जड नको, खिसा लोंबेल."

"मग हलकं घेऊ."

"हलकं घेतलंस तर धक्का जास्त. हलकं हत्यार उलट उसळतं. ते हातात दाबून ठेवायचं काम मुठीचं. लहान मूठ खिशात लपते, पण पकड बसत नाही. मोठी मूठ धरायला चांगली, पण खिशातून मान बाहेर काढणार. रबराची घामात सरकत नाही. लाकडाची देखणी, आणि हाताच्या मापाने घासून घेता येते. तू सुतार आहेस, लाकडाचीच कर."

तेव्हापासून मला काय झालं होतं देव जाणे, दिसेल त्याची मूठ मी धरून बघायचो. ड्रिलची, सिलिकॉनच्या गनची, ग्रीसगनची. चाचांच्या टूल स्टोअरच्या खिडकीशी उभा राहून एकेक हत्यार मागायचो, मूठ दाबायचो आणि परत द्यायचो. मागे रांगेतला एक केरळी वेल्डर वैतागून हिंदीत ओरडला, "भाई, शादी के लिए लड़की देख रहे हो क्या?" मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी फौजी म्हणाला, "नळी ठरली, वजन ठरलं. आता वहिनींचा हात सांग."

"हात म्हणजे?"

"अरे, केवढा आहे? अंगठ्याच्या बेचक्यापासून पहिल्या बोटाच्या पेरापर्यंत किती? तळवा रुंद की अरुंद? बोट चापापर्यंत पोचलं पाहिजे ना. सगळा खेळ त्या हाताचा आहे."

बायकोचा हात मला माहीत नव्हता. तिचा आवाज सांगा, मी हजार बायकांत ओळखीन. पायरीवरचं तिचं पाऊल ओळखीन. पण हात? सुट्टीवर गेलं की पाव्हणे, लग्नं, बागेची कामं, डॉक्टर, आणि बघता बघता परतीचं विमान. हात कुणी बघत बसतं का? डोळ्यांसमोर आणायला गेलो तर लग्नातला मेंदी काढलेला हात दिसायला लागला, दुसरा कुठला दिसेचना.

"थांब," मी म्हटलं, "माप आहे माझ्याकडे."

माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी, मोज्यात गुंडाळलेली तिची एक हिरवी काचेची बांगडी होती. दोन-सहाची. लग्नानंतर पहिल्यांदा सौदीला निघालो तेव्हा तिनेच काढून दिली होती, माप म्हणून. आखातात गेलेला नवरा सुट्टीला येताना बायकोला सोन्याच्या बांगड्या आणतो, आणि सोनारापुढे दाखवायला माप लागतं. मी दर सुट्टीच्या आधी ती बांगडी मोज्यातून काढायचो, सूकातल्या, म्हणजे तिथल्या बाजारातल्या, येमेनी सोनारापुढे ठेवायचो. तो तिच्यात बोटं फिरवून म्हणायचा, "याच मापाची? खलास!" आणि मी बांगड्या घेऊन निघायचो. एवढ्या वर्षांत तिला एकदाही तडा जाऊ दिला नाही, याचा मला केवढा अभिमान!

ट्रंक उघडलेली बघून फौजीही उठला. त्याच्याही पेटीतून एक लाखेची बांगडी निघाली. चाचांच्या बॅगेत दोन निघाल्या, एक बायकोची, एक सुनेची. आम्ही तिघं म्हातारे होत आलेले बाप्ये हातात बांगड्या घेऊन खाटांवर बसलेलो. त्या वेळी कुणी दार उघडलं असतं तर कॅम्पभर शोभा झाली असती.

फौजी म्हणाला, "बांगडीवरून हात कळतो. अंगठा मुडपून जो हात हिच्यातून जेमतेम जाईल, तो वहिनींचा हात."

फौजीचा पंजा बोटांच्या पेरांशीच अडला. माझं तर नावच नको. चाचांनी बिस्मिल्ला म्हणून अंगठा आत घेतला आणि बांगडी सुळकन मनगटात! आम्ही एवढे हसलो की शेजारच्या खोलीतल्यांनी भिंत वाजवली. चाचा लाजून लाल झाले, दाढी कुठली आणि गाल कुठले कळेना.

"या वहिनी, बसा," फौजी म्हणाला.

"गप रे मेल्या!" चाचा म्हणाले, पण हात पुढे केला.

बस, त्या दिवसापासून चाचा आमची वहिनी. कारपेंटर शॉपमध्ये कुठल्याशा जर्मन मशिनीच्या क्रेटमधला बीच लाकडाचा तुकडा मी बाजूला काढून ठेवला होता, फोरमनला विचारून. घट्ट, दाणेदार, सरळ रेषेचं लाकूड. जेवणाच्या सुट्टीत त्यावर पटाशी चालवायची, कंपनीच्या बसने खोलीवर यायचं आणि चाचांच्या हातात द्यायचं. फक्त मूठ हं. फौजीने आधीच बजावलं होतं, "नळीच्या आकाराचं लाकूड गेटवर सापडलं तर कोकण बघायला मिळणार नाही." चापाच्या जागी मी एक खिळा ठोकला, वाकवून.

"वहिनी, बोट पोचतंय का?"

"पोचतंय. पण करंगळी खाली लोंबतेय."

"करंगळी लोंबली तर पकड जाते," फौजी म्हणायचा. "अर्धा सूत वाढव. इथे अंगठ्यापाशी खोलगट घे." मी घासायचो. चाचा कणीक मळता मळता हात पुसून पुन्हा धरायचे. एकदा म्हणाले, "कोपरा तळव्याला टोचतो. बायकांचा तळवा मऊ असतो, घास तो." मी घासला. पॉलिश पेपरने इतका गुळगुळीत केला की गालाला लावून बघितला. मला खोटं बोलायचं नाही, हे दिवस मी फार सुखात काढले. बायकोसाठी हाताने काहीतरी घडवतोय, असं पहिल्यांदाच होत होतं. लोकांची दारं केली, शटरिंग केलं, साहेबाच्या बायकोला पुस्तकांचं कपाट करून दिलं. तिला काय दिलं? विकत घेतलेलं.

तिकडे तीही अर्ज भरून आली होती. मला फोनवर म्हणाली, "कचेरीतला माणूस विचारत होता, चालवणार कोण? मी म्हटलं, घर चालवणारा सौदीत आहे, हे चालवायचं मला आहे." दोघंही हसलो. मी म्हटलं, बघ, आता काळजी नाही. तिने "हूं" म्हटलं. त्या हुंकाराकडे मी लक्ष दिलं नाही.

कॅम्प ऑफिसमधून निरोप आला, थांबणार की जाणार ते या महिन्यात कळव. मी म्हटलं, सांगतो, थांबणारच आहे जवळजवळ. त्याच सुमारास चाचांची सुट्टी लागली. आमच्यात कुणी निघाला की बाकीच्यांचं सामान जातंच. चाचांच्या खोक्यात माझ्या वाटणीला एक कोपरा आला. दूध पावडर, बाम, बदाम, आणि रिव्हॉल्व्हर येण्याआधी तिने धरून बघायची ती मूठ, मोज्यात गुंडाळलेली. हो, बांगडीच्याच मोज्यात. बांगडी मी ट्रंकेत रुमालात ठेवली. मुंबईला कस्टमवाल्याने विचारलं तर सांगायचं, रंध्याची मूठ आहे. चाचा म्हणाले, "खोटं कशाला? सांगेन, सुताराने बायकोला पाठवलंय. कुणी अडवणार नाही."

अडवलं नाही कुणी. चाचा म्हसळ्याला एक दिवस राहिले आणि स्वतः एसटीने आमच्या वाडीवर गेले. पार्सल दुसऱ्याकडे देता आलं असतं. पण म्हणाले, "माझ्या हाताची मूठ आहे, मीच नेणार."

पुढचा शुक्रवार. चाचा नसल्याने मटण फौजीने केलं होतं, आणि ते खायच्या लायकीचं नव्हतं. जेवणं उरकली आणि तिचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन पुदिन्याच्या डब्याला टेकवून ठेवला. फौजी माझ्या मागे येऊन बसला, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा.

"मिळाली का गं?"

"मिळाली. चाचा जेवून गेले. चांगला माणूस आहे हो. फार छान घासलीय तुम्ही, लोण्यासारखी."

"धरून दाखव ना."

तिने मोजा तेवढा घडी करून बाजूला ठेवला.

"अगं, धरून दाखव. हा फौजी बसलाय बघायला."

"कुणाच्या मापाची केलीत ही?"

"कुणाच्या म्हणजे? तुझ्या! तुझी बांगडी आहे ना माझ्याकडे, दोन-सहाची."

मग तिने मूठ उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. धरली कसली, तीन बोटांत धरली. तिची दोन बोटं खाली लोंबत होती आणि पहिलं बोट खिळ्याच्या पार पलीकडे गेलेलं. मी आधी मूठच बघत होतो, सुताराची खोड. मग हात दिसला. बोटांची पेरं गाठाळलेली, काजूच्या चिकाने काळी पडलेली, तळवा रुंद, अंगठ्याच्या बुडाशी कोयतीचा घट्टा. बायकांचा तळवा मऊ असतो म्हणून आम्ही कोपरा घासत बसलो होतो! लग्नातल्या त्या हाताशी याचं काही नातं नव्हतं.

"दोन-सहा कधीच सुटलं हो," ती म्हणाली. "मुलगी झाली त्यानंतरच. आता दोन-दहासुद्धा साबण लावून चढते."

"अगं पण मग मी आणलेल्या बांगड्या?"

"राजापूरला सोनाराकडे देते. तो कापून वाढवून देतो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"आणि मला सांगितलं नाहीस कधी?"

"तुम्ही एवढ्या हौसेने आणायचा. वर सांगायचा, तुझं माप जपून ठेवलंय म्हणून. काय सांगायचं होतं? की ज्या बाईला आणता ती आता इथे राहत नाही?"

माझ्या मागून फौजी उठला आणि उगाच भांडी घासायला गेला. भांडी घासायची पाळी त्याची नव्हती.

मी भांडायचाच माणूस. काही सुचलं नाही की आवाज चढवतो. म्हटलं, "बरं, ते जाऊ दे! पुन्हा करतो मूठ. हाताचा फोटो पाठव, शेजारी पट्टी ठेवून. मोठी करतो. मूठ नीट झाली की चोराची भीती नाही."

"अहो," ती म्हणाली, "मला चोराची भीती नाही. चोर आला तेव्हा कोयती होती की हातात. तो गेल्यावर भीती वाटली. घरात दुसरं कुणी खोकत नाही, दुसऱ्या कुणाचं भांडं वाजत नाही, त्याची. त्याला काय करणार ते तुमचं रिव्हॉल्व्हर?" आणि मग, आवाज अजिबात न चढवता, "तुम्हाला थांबायचं तर थांबा. मी राहीन. पण मला झोप लागावी म्हणून थांबताय, असं नका सांगू."

मला रडू आलं. सरळ सांगतो, आलं. फौजीने नळ आणखी मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी बस सुटायच्या आधी मी कॅम्प ऑफिसमध्ये गेलो आणि म्हटलं, फायनल एक्झिट. तिथला इजिप्शियन दोनदा म्हणाला, विचार कर, फोरमन होतोयस. मी म्हटलं, "खलास भाई, खलास." खोलीवर आलो तर फौजी साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावून बसला होता आणि बायकोला दरडावत होता, "तोंड नको दाखवूस, हात दाखव! हात! उलटा, सुलटा." तिकडून ती विचारत होती, दारूबिरू मिळायला लागली का हो तिकडे?

निघायच्या दिवशी पुदिन्याचा डबा मी चाचांच्या खाटेखाली सरकवला. ते अजून सुट्टीवरच होते. फौजीने माझी ट्रंक बसपर्यंत आणली, पाठीवर एक सणसणीत थाप मारली आणि म्हणाला, "जा, कोकण्या." बसच्या खिडकीतून तो जाळ शेवटचा दिसला. एवढी वर्षं त्याला शिव्या दिल्या, डोळ्यांवर येतो, झोपू देत नाही म्हणून, आणि त्या दिवशी तो दिसेनासा होईपर्यंत मान वळवून बघत राहिलो.

रिव्हॉल्व्हरचा अर्ज आम्ही मागे घेतला. चाचांचा आणि फौजीचा अजून फोन येतो. पुदिना माजलाय म्हणे, आणि माझ्या खाटेवर आता खोके चढलेत. खोलीची आठवण काढली की बायको म्हणते, तुम्ही तिथे असताना घराची काढत होता आणि घरी आल्यावर खोलीची काढता. काढतो, खरं आहे.

आल्यावर पहिल्यांदा हातात काय घेतलं असेल तर तिची कोयती. मूठ पार झिजलेली, वर चिंधी गुंडाळलेली. म्हटलं, ही आधी बदलायची. फणसाचं जुनं सुकलेलं लाकूड काढलं, पडवीत बसलो, कागद पसरला आणि तिला हाक मारली, "ये गं, हात ठेव इथे. माप घेतो."

ती चुलीपुढून उठून आली. माझाच तो जुना शर्ट अंगात. पदराला हात पुसले, समोर बसली आणि उजवा हात कागदावर पसरून ठेवला. मी कानामागची पेन्सिल काढली आणि अंगठ्यापाशी टेकवली.

ती म्हणाली, "माप मागाहून घ्या. आधी धरा तरी."